अमेरिकेतल्या गरीब वस्तीत कोपऱ्यावरचं दुकान घेताय? आधी हे वाचा

फिलाडेल्फियात कोपऱ्यावरच्या दुकानाला 'पापी स्टोअर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वस्तीने आपला निकालच लावून टाकला. मग कळलं की स्पॅनिशमध्ये 'पापी' ही लाडाची हाक आहे, आणि इथली बरीच दुकानं डोमिनिकन लोकांची म्हणून हे नाव पडलं. गेली नऊ वर्षं मीही पापी आहे.

इचलकरंजीला आमचं किराणा दुकान होतं. तागडी धरता येते म्हणजे धंदा येतो, असं समजून मी नॉर्थ फिलीत, म्हणजे फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, दुकान घेतलं आणि पहिल्या वर्षात करता येतील तेवढ्या चुका केल्या. आता दर दोन-तीन महिन्यांनी कोणा ना कोणा मराठी माणसाचा फोन येतो, 'एक दुकान स्वस्तात मिळतंय, घेऊ का?' प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच. 'बाहेरून आले आणि गल्ल्यावर बसले' हे वाक्य आपल्याकडे कोणाबद्दल बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः ते बोललोय, चहाच्या टपरीवर उभं राहून, मारवाड्यांबद्दल आणि भय्यांबद्दल. इथे पहिल्याच आठवड्यात तेच वाक्य माझ्याबद्दल ऐकलं. शब्द इंग्रजी, चाल तीच.

१. दुकान बघण्याआधी वस्ती बघा

विकणारा तुम्हाला मंगळवारी सकाळी अकराला बोलावेल. तेव्हा दुकान दुपारच्या देवळासारखं शांत असतं. त्याला न सांगता आणखी तीन वेळा जा: शाळा सुटताना, शुक्रवारी रात्री, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. पेनसिल्वेनियात सरकारी अन्नमदतीचे, म्हणजे स्नॅपचे पैसे महिन्याच्या पहिल्या दहा कामाच्या दिवसांत लोकांच्या ईबीटी कार्डांवर जमा होतात. विकणारा नेमका त्या दिवसांतला गल्ला दाखवतो. तुम्ही पंचवीस तारखेचा बघा.

समोरच्या बसथांब्यावर तासभर बसा. दुकानात शिरणारी माणसं मालकाशी बोलतात की नुसती पैसे सरकवतात? बाहेर पडताना काही पुटपुटतात का? भाव ठरवण्याआधी मला हे कळलं असतं तर मी दहा हजार डॉलर कमी सांगितले असते.

दुकान स्वस्त का, याचं उत्तर जुनं आहे. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल केल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. ज्या गल्लीत घरासाठी कर्ज मिळत नव्हतं, तिथे दुकानासाठी कुठून मिळणार? त्यामुळे वस्ती कृष्णवर्णीयांची आणि दुकानदार बाहेरचे, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आधी ज्यू, मग कोरियन, चिनी, डोमिनिकन, अरब, आणि आता आपण. ऑगस्ट १९६४ मध्ये नॉर्थ फिलीच्या कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर पोलिसांशी झालेल्या एका बाचाबाचीवरून दंगल पेटली आणि दोनशेहून अधिक दुकानांचं नुकसान झालं. त्यांतली बहुतेक गोऱ्या मालकांची होती. तो रस्ता पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. आज त्याला नागरी हक्कांसाठी लढलेल्या वकील सेसिल बी. मूर यांचं नाव आहे. माझ्याकडे रोज वर्तमानपत्र घ्यायला येणारी एक आजी तेव्हा शाळेत होती. ती मला आधीच्या चार मालकांची नावं सांगते. तिच्या हिशोबात मी पाचवा.

२. कागदपत्रं जमवा

आधी स्वतःचा कागद तपासा. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर दुकानात पैसे गुंतवता येतील, पण गल्ल्यावर उभं राहता येणार नाही. 'शनिवार-रविवार तर बसतो, कोण बघतंय' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गुंतवणूकदारांचा ई-टू व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताशी तसा करारच नाही. तो मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग ही यादी:

- भाडेकरार. निदान पाच वर्षांचा, पुढे वाढवण्याचा हक्क तुमच्याकडे. छत गळलं, शटर बिघडलं तर खर्च कोणाचा, हे लेखी.
- त्या जागेत किराणा दुकान चालवायला परवानगी असल्याचा शहराचा झोनिंगचा कागद.
- केंद्राचा करक्रमांक, म्हणजे ईआयएन. तो फुकट मिळतो. यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटी पुष्कळ आहेत.
- शहराचं कमर्शियल अ‍ॅक्टिव्हिटी लायसन्स. यालाही फी नाही.
- आरोग्य खात्याची तपासणी आणि खाद्यपदार्थ विक्रीचं लायसन्स.
- राज्याचा विक्रीकर परवाना. फिलीत कर ८ टक्के, राज्याचे ६ आणि शहराचे २. बहुतेक वाणसामानावर तो लागत नाही.
- सिगारेट विकणार असाल तर राज्याचं लायसन्स आणि शहराचा तंबाखू परवाना, दोन्ही.
- स्नॅपची मान्यता. ही केंद्राच्या कृषी खात्याकडून मिळते. अर्ज ऑनलाइन आणि फुकट.
- विमा. याबद्दल शेवटी सविस्तर.

सापळा: स्नॅपची मान्यता दुकानाला नसते, मालकाला असते. विकणारा म्हणेल, 'माझंच मशीन वापरा, तुमची मान्यता येईपर्यंत.' अजिबात नको. त्याच्या नावावर तुम्ही कार्ड घासलं की दोघंही अडकता. तंबाखूच्या परवान्याचंही तसंच. शहराने २०१६ च्या शेवटी नियम कडक केले. वस्तीच्या लोकसंख्येनुसार दुकानांची संख्या बांधून दिली आणि शाळेपासून ५०० फुटांच्या आत नवा परवाना बंद केला. जुना मालक सिगारेट विकत होता म्हणजे तुम्हालाही विकता येतील, असं धरू नका. एका ओळखीच्या माणसाने सिगारेटची विक्री धरून भाव दिला आणि परवाना मिळालाच नाही.

स्नॅपसाठी भाज्या-फळं, दूधदुभतं, मांस-मासे-अंडी आणि धान्य-ब्रेड या चार गटांतला माल कायम ठेवावा लागतो. प्रत्येकात किती प्रकार, याचे आकडे बदलत असतात. अर्ज भरताना त्या दिवशीचा नियम वाचा.

३. काचेचं ठरवा

दुकानात गल्ल्यापुढे जाड बुलेटप्रूफ काच असेल. पैसे एका खाचेतून आत, माल फिरत्या ताटलीवरून बाहेर. तुम्हाला आत सुरक्षित वाटेल. बाहेर उभ्या माणसाला तुरुंगात भेटीला आल्यासारखं वाटतं. हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, आणि त्याने तुरुंगातली भेट दोन्ही बाजूंनी पाहिली होती.

मी दुकान घेतलं त्याच वर्षी, २०१७ मध्ये, शहरात यावरून मोठा वाद पेटला. बिअरबरोबर खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानांतली काच काढायला लावावी, असा प्रस्ताव कौन्सिलच्या सदस्य सिंडी बास यांनी आणला. म्हणणं असं की काचेआडून जेवण देणं हा वस्तीचा अपमान आहे. दुकानदार, बरेचसे चिनी आणि कोरियन, रस्त्यावर उतरले: आमच्या जिवाचं काय? डिसेंबरात कायदा झाला तेव्हा सरसकट काच काढण्याची सक्ती उरली नव्हती, तो निर्णय पुढच्या नियमांवर ढकलला होता. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच तो वाद इतका चिघळला असं मला वाटतं.

मी काय केलं? काच ठेवली, पण खाच मोठी करून हात जाईल एवढा झरोका केला, आणि दिवसा बाजूचं दार उघडं ठेवून बाहेर फळ्यांपाशी उभा राहू लागलो. अंधार पडला की आत. ज्याला कोणी बंदूक दाखवली आहे, त्याला 'काच काढ' म्हणायचा मला अधिकार नाही. पण काचेवर चिकटवलेल्या पाट्या मात्र आज काढा. 'एका वेळी दोनच मुलं', 'नीट बघा, कॅमेरा आहे', 'आधी पैसे'. आधीच्या मालकाच्या अकरा पाट्या मी मोजल्या होत्या. 'या' असं सांगणारी एकही नव्हती.

४. सुटे हातात द्या

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि ऐकायला सगळ्यात क्षुल्लक.

आपण गावाकडे सुटे कुठे ठेवतो? काउंटरवर, बरणीच्या झाकणावर. गिऱ्हाइकाकडे न बघता, पुढच्याचं ऐकत. 'थँक यू' म्हणत नाही, हसत तर मुळीच नाही, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. कोरियन दुकानदारांचीही अशीच सवय होती. अनोळखी माणसाच्या हाताला स्पर्श न करणं ही त्यांच्याकडे सभ्यता. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये त्याचा अर्थ लागला, 'यांना आमचा हात घाण वाटतो.' जिथे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत वेगळे नळ आणि वेगळी बाकं होती, त्या देशात दुसरा कोणता अर्थ लागणार? आणि आपण तर अशा देशातून आलोय जिथे वरून पाणी ओतायची रीत होती. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये.

म्हणून: नोटा आणि नाणी तळहातावर ठेवा. डोळ्यांत बघा. आत येणाऱ्याला तुम्ही आधी नमस्कार करा, 'हाऊ यू डुइंग' पुरे. वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारू नका, नावाआधी 'मिस' लावा. आपल्या 'मावशी'चं काम इथे तो शब्द करतो. वयस्कर पुरुष म्हणजे 'ओल्ड हेड', त्यांचा शब्द कोपऱ्यावरची पोरं ऐकतात. कोणी तुम्हाला 'आख' म्हणालं तर तो अरबीतला 'भाऊ'. फिलीत कृष्णवर्णीय मुसलमान पुष्कळ आहेत. त्यांना डुकराचं मांस चालत नाही, म्हणून टर्कीचं बेकन ठेवा, आणि सँडविच करत असाल तर त्याची सुरी वेगळी.

सुटे नाहीत म्हणून चॉकलेट देऊ नका. मी दिलं होतं. त्या माणसाने ते काउंटरवर परत ठेवलं आणि म्हणाला, 'मी काय लहान पोरगा आहे?' आता पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, पाडणंच नोव्हेंबर २०२५ पासून थांबलंय, त्यामुळे रोखीत पूर्णांक करावा लागेल तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने करा. दिवसाला एखाद-दोन डॉलर जातात. जाऊ द्या.

मुलांच्या मागे मागे फिरू नका. १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात लताशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी एका कोरियन कुटुंबाच्या दुकानात गेली. १.७९ डॉलरची संत्र्याच्या रसाची बाटली पाठीवरच्या पिशवीत ठेवून ती गल्ल्याकडे आली. तिच्या हातात दोन डॉलर होते. गल्ल्यावरच्या सून जा डू यांना वाटलं, चोरी. झटापट झाली, मुलगी बाटली सोडून वळली, आणि त्यांनी मागून तिच्या डोक्यात गोळी घातली. कोर्टाने पाच वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढंच दिलं, एक दिवसही तुरुंग नाही. पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९९२ ला, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टातून सुटले आणि शहर पेटलं. कोरियन मालकांची सुमारे २,३०० दुकानं लुटली किंवा जाळली गेली. जळालेल्यांतल्या बहुतेकांनी कधी कोणावर हात उगारलेला नव्हता.

आणखी एक. बायकोशी मराठीत बोलताना गिऱ्हाइकाकडे नजर टाकू नका, आणि 'काळ्या' हा शब्द कुठल्याही भाषेत तोंडात येऊ देऊ नका. त्यांना तो कळतो. कसा, ते विचारू नका, कळतो.

५. उधारी आणि कार्ड यांची गाठ घालू नका

वही उघडायची की नाही? मी उघडली, पण ओळखीच्या तीसेक घरांपुरती आणि घरटी वीस डॉलरपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं आणि स्नॅपचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा ती मर्यादा मी चाळीसवर नेली. सहा जणांनी बुडवले. बाकीच्यांनी आणून दिले, आणि त्यांतले काही आता कोपऱ्यावरच्या स्वस्त डॉलर स्टोअरऐवजी माझ्याकडे येतात.

पण वहीतली बाकी ईबीटी कार्डावरून वळती करून घेणं बेकायदा आहे. कार्डाने फक्त आज, आत्ता हातात दिलेला माल. गरम जेवण नाही, साबण नाही, सिगारेट नाही. आणि कोणी म्हणालं, 'शंभराचं कार्ड घास, पन्नास रोख दे', तर नाही म्हणा. तो गरजू असू शकतो, साध्या वेशातला तपासनीसही असू शकतो. असला व्यवहार सिद्ध झाला की मान्यता कायमची जाते, आणि अशा वस्तीत मान्यता गेली म्हणजे दुकान गेलं.

६. भाव का जास्त, ते सांगा

'पापी, तू लुटतोस' हे ऐकावं लागेल. आपण घाऊक बाजारातून स्वतःच्या गाडीत माल आणतो, सुपरमार्केटला कंपनी ट्रकने पोचवते, तेव्हा आपला भाव जास्त असणारच. हे गुपित ठेवायचं कारण नाही. १ जानेवारी २०१७ पासून शहरात गोड पेयांवर औंसाला दीड सेंट कर आहे, दोन लिटरच्या बाटलीला साधारण एक डॉलर. तो वितरकाकडून वसूल होतो, पण शिव्या आपण खातो. मी फ्रीजवर हाताने लिहून ठेवलंय: बाटली एवढ्याची, कर एवढा. शिव्या अर्ध्यावर आल्या.

मुदत संपलेलं दूध, मऊ पडलेले बटाटे अर्ध्या किमतीत खपवायचा मोह टाळा. 'आमच्यासाठी कचराच' हे वाक्य एकदा निघालं की वर्षभर पुसलं जात नाही. ताजी फळं ठेवायची असतील तर द फूड ट्रस्ट ही इथली संस्था २००४ पासून कोपऱ्यावरच्या दुकानांसोबत काम करते, त्यांना गाठा. माझ्याकडे केळी आणि कांदे खपतात, सफरचंदं पडून राहतात. तुमचं वेगळं असेल.

'याला सरकार फुकट कर्ज देतं' अशीही अफवा असेल. मला तिघांनी विचारलं. मी भिशी समजावून सांगितली: बारा जण, दर महिन्याला ठरावीक रक्कम, एकेकाची पाळी. एका ओल्ड हेडने मान हलवली, त्याच्या आईच्या चर्चमध्येही तसंच काहीसं चालायचं म्हणाला. तेव्हापासून तो मला 'बॉस' म्हणायचं सोडून नावाने हाक मारतो.

७. पोलिसांना फोन करण्याआधी दहा मोजा

२५ मे २०२० ला मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, त्या प्रकरणाची सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानात खोट्या वाटलेल्या वीस डॉलरच्या नोटेने आणि त्यावरून पोलिसांना केलेल्या फोनने झाली होती. दुकान एका पॅलेस्टिनी-अमेरिकन कुटुंबाचं. नोट गल्ल्यात टाकण्याआधी पेनाने तपासा, संशय आला तर हसून दुसरी मागा. विषय तिथेच संपतो. चिप्सचं पाकीट गेलं तर गेलं. बंदूक, सुरी, मारहाण असेल तर अर्थातच ९११.

पोलीस लागतील अशा गोष्टी मुळात दुकानात आणू नका. सुटी सिगारेट, म्हणजे 'लूजी', विकणं देशभर बेकायदा. २१ वर्षांखालच्याला तंबाखू नाही, दाढी कितीही मोठी असो, ओळखपत्र बघा. 'स्किल गेम'ची, म्हणजे पैसे लावून खेळायची, मशीनं ठेवा म्हणून माणूस येईल, महिन्याचे हजार दाखवेल. त्या मशीनपाशी रात्री बारापर्यंत जे उभे राहतात, त्यांना बघून आजी-मावश्या यायच्या थांबतात. मी आठ महिने ठेवलं आणि काढलं. केन्सिंग्टन भागात तर २०२४ पासून बऱ्याच दुकानांना रात्री ११ ते सकाळी ६ बंद ठेवायची सक्ती आहे. त्या बाजूला बघत असाल तर रात्रीचा गल्ला हिशोबात धरू नका.

८. गल्लीची माणसं जोडा

फिलीत बऱ्याच गल्ल्यांना 'ब्लॉक कॅप्टन' असतो, शेजाऱ्यांनी निवडलेला आणि शहराच्या स्वच्छता समितीत नोंदलेला. ही पद्धत १९६५ पासूनची. दुकान उघडायच्या आठवडाभर आधी त्याच्या दारात जा, हात हलवत नको, पण मिठाईचा मोठा पुडाही नको. विचारा की आधीच्या दुकानदाराचं काय खटकत होतं. मला उत्तर मिळालं: कचरा. त्याच्या दुकानातून घेतलेली वेष्टनं वाऱ्याने तिसऱ्या घरापर्यंत जायची. तेव्हापासून सकाळी शटर उघडण्याआधी मी तिसऱ्या घराच्या पायरीपर्यंत झाडतो.

गल्लीतलाच माणूस कामाला ठेवा. अठराच्या आतला असेल तर शाळेकडून कामाचा परवाना लागतो, आणि पगार चेकने द्या, रोखीने नको. माझ्याकडचा पोरगा पहिल्या महिन्यात दोनदा उशिरा आला, तेव्हा काढणार होतो. त्याच्या आजीला सांगितलं. परत उशीर झाला नाही.

९. विमा आणि वाईट दिवसाची तयारी

१९९२ च्या आगीत कितीतरी कोरियन दुकानदारांना नंतर कळलं की विमा अपुरा आहे, किंवा कंपनीला कॅलिफोर्नियात परवानाच नव्हता. म्हणून पॉलिसी घेताना कंपनीचं नाव राज्याच्या विमा खात्याच्या यादीत स्वतः शोधा. दंगल आणि नागरी अशांतता यात धरली आहे का, आणि दुकान बंद राहिलं त्या दिवसांचं उत्पन्न मिळतं का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

शहरात तणाव असेल तर लवकर शटर ओढा, रोख घरी न्या आणि स्वतःही घरी जा. बंदूक घेऊन छपरावर उभ्या कोरियन माणसांचे तेव्हाचे फोटो आजही लोक कौतुकाने फिरवतात. माल परत भरता येतो. २०२० च्या मे महिन्याअखेर वेस्ट फिलीत ५२व्या रस्त्यावर दुकानं फुटत होती, त्या रात्री मी घरी बसून फोनवर कॅमेरा बघत होतो. आमच्या कोपऱ्यावर दोन ओल्ड हेड खुर्च्या टाकून पहाटेपर्यंत बसले होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटचं काम, दर महिन्याच्या एक तारखेला: प्रत्येक फळीचा, फ्रीजचा आणि तळघराचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. दावा करायची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा. माझ्या निम्म्या फोटोंत दुकानातलं मांजर आडवं आलंय. एजंटने विचारलं, हेही मालात धरायचं का? मी म्हटलं, धरा, पण आरोग्य खात्याला सांगू नका.